लहान गावात कामाला सुरुवात करताना

वायरिंगची कामं घ्यायला लागलास, बरं केलंस. हात हळूहळू बसेल. पण लहान गावात तुझं काम नंतर दिसतं, तू किती वाजता येतोस ते आधी. 'सकाळी येतो' म्हणालास आणि दुपारी उगवलास, तर संध्याकाळपर्यंत चार घरांत कळलेलं असतं. उशीर होणार असेल तर आधीच फोन कर, निम्मी बोलणी तिथेच वाचतात.

उधारी वहीत लिहीच. ओळखीचा माणूस म्हणून तोंडी ठेवलेला हिशेब पैसेही बुडवतो आणि ओळखही. सामानाचे पैसे आधी, मजुरी काम झाल्यावर, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक.

राबणाऱ्याचं कौतुक होतं खरं, पण फुकटची कामंही त्यालाच चिकटतात. (मी वर्षभर लोकांचे पंखे असेच उतरवले.) तेव्हा नाही म्हणायला शिक. आणि मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासल्याशिवाय तारेला हात लावू नकोस. मागे उभा राहून कोणी कितीही 'अरे, काही होत नाही' म्हणो.