जुन्या काडतुसाच्या पुंगळ्या रीसाइज करताय? आधी एवढं सांभाळा

रीसाइज म्हणजे झाडल्यावर फुगलेली रिकामी पुंगळी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून परत मापात आणणं. पहिल्यांदा करताय तर पन्नास पुंगळ्या एकदम घेऊ नका, पाचच घ्या. ४४-४० सारखं १८७३ सालचं जुनं काडतूस असेल तर तोंडाकडचा पत्रा फार पातळ असतो आणि पुंगळीला किंचित मान असते, त्यामुळे ल्यूब (वंगण) न लावता डायमध्ये घातली की अडकलीच समजा, आणि जास्त लावलं तर खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खळगा पडतो. बोटावर पातळ थर, बस्स.

नवीन लोक हमखास चुकतात ते असं:
- पुंगळी न धुता डायमध्ये घालतात, मग एक वाळूचा कण पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा काढतो
- तोंड डायच्या कडेला टेकलंय तरी प्रेसचं हँडल दाबतात, पातळ तोंड लगेच चेपतं. हात हलका ठेवा, जोर लागला की थांबा
- रिव्हॉल्व्हरच्या एकाच चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भोकात) बघून खूश होतात

हे शेवटचं फार महत्त्वाचं. ल्यूब पुसून रिकामी पुंगळी सहाही चेंबरमध्ये टाकून बघा, स्वतःच्या वजनाने टप्कन खाली जायला हवी आणि सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) उलटा केला की तशीच बाहेर. अंगठ्याने दाबून बसवायची नाही हं! तोंडाला चीर दिसली तर सरळ फेकून द्या. बाकीचं पाच नीट जमल्यावर बोलू.