वृंदगानाचा कंडक्टर व्हायला स्वतः उत्तम गायक असावं लागतं का?

मैफल गाजवणारा गळा नसला तरी चालतं, कान मात्र पक्का हवा. सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज) एकदम गात असताना नेमकं कोण सुरातून उतरतंय ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. कार्यक्रमात हात हलवणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. खरं काम तालमीत. श्वास कुठे घ्यायचा, सगळ्यांचा आकार-ओकार सारखा कसा लागेल, हे गाऊनच दाखवावं लागतं. (नुसता पियानोवर सूर देऊन भागतं म्हणतात, मला पटत नाही.)

निव्वळ संचालनावर पोट भरणारे थोडेच. बहुतेक जण शिकवतातही. हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२-१९६७) एवढे मोठे संगीतकार, पण शाळकरी मुलांच्या गाण्यासाठी वर्षानुवर्षं झटले.