फौज पाठवून दुसऱ्याचा देश उभा करून देता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुलमी राजवटीखाली लोक भरडले जात असतील, तर बाहेरच्या देशांनी फौज घालून ती उलथवावी का आणि मग तो देश नव्याने उभारून द्यावा का?

मी सातारा तालुक्यातला. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, भावकीत घराआड एक फौजी आहे. त्यामुळे 'फौज पाठवा' हे मला सहज म्हणवत नाही. माझं मत सांगतो. कत्तल थांबवायला फौज जावी. राज्य उभं करायला जाऊ नये, ते तिचं काम नाही.

असं का म्हणतो, त्यासाठी आधी घरातलं सांगतो. एका वर्षी आबांचा हयातीचा दाखला बँकेत कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला आणि पेन्शन दोन महिने अडकली. आबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची पिशवी बगलेत धरून एसटीने साताऱ्याला जायचे आणि दुपारी काही न बोलता परत यायचे. पैशाची ओढाताण होतीच, पण आपल्याला कुणी विचारत नाही हे त्यांना जास्त लागलं होतं.

आता इराक बघा. अमेरिकेने सद्दाम हुसेनची राजवट पाडल्यावर २३ मे २००३ ला तिथले अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने तिथलं अख्खं सैन्य बरखास्त केलं. आठवडाभर आधी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं होतं. त्यात शिक्षक आणि डॉक्टरही गेले. लाखो कसलेले जवान एका दिवसात बेकार झाले, आणि हत्यारं तर घरोघर होती. ओरड झाल्यावर भत्ता सुरू केला, पण गेलेला मान काही परत आला नाही. त्यातले कित्येक बंडखोरांना मिळाले. पुढे इसिस या दहशतवादी संघटनेच्या वरच्या फळीत सद्दामच्या फौजेतले जुने अधिकारी निघाले. सद्दामबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, १९८८ ला हलब्जात कुर्दांवर त्यानेच विषारी वायू सोडला होता. पण त्याला पाडताना ठाणं, शाळा, पगारपत्रक सगळंच पाडलं गेलं.

फौज घालूनही देश उभा राहतो, असं म्हणत जपानचा दाखला लोक हमखास देतात. तिथे १९४५ नंतर अमेरिकेने कारभार जपानी सरकार आणि जपानी नोकरशाहीकडूनच चालवून घेतला, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आपल्याकडचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभं केलेलं लोकांचं समांतर सरकार आठवा. १९४३ ते ४६, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या सरकारची न्यायदान मंडळं गावात बसून निवाडे करायची. लोक ते मानत, कारण निवाडा देणारा बांधाला बांध लागलेला माणूस असायचा. असा माणूस विमानातून उतरवता येत नाही. अफगाणिस्तानात अमेरिकेने वीस वर्षं पैसा ओतला आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल जवळपास न लढताच पडलं.

१९७१ चं बांगलादेश वेगळं. १९७० ची निवडणूक जिंकलेले नेते तयार होते, मुक्तिवाहिनी लढत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज माघारी आली. पुढे १९७५ ला मुजीब मारले गेले, लष्करी राजवट आली, हेही खरं. पण तो देश चालवायला आपण तिथे बसलो नव्हतो.

मग जगाने नुसतं बघत राहायचं का? नाही. १९९४ ला रवांडात कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवायची सोडून २७० जणांवर आणायचं ठरवलं. याची मला आजही चीड येते. आमच्या गावातला एक जण दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेची निळी टोपी घालून होता. यादवी पेटल्यावर बायका पोरांना काखेत घेऊन कॅम्पच्या तारेपाशी येत होत्या आणि फाटक उघडून त्यांना आत घेतलं, एवढंच तो सांगतो. त्यांचं सरकार कुणाचं असावं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. रात्रभर फाटकावर उभं राहायचं, एवढंच काम होतं. त्या कामाला माझा मुलगा गेला तरी मी त्याला अडवणार नाही.