आप्पांच्या वहीतलं काय छापावं?

प्रश्न : काकू, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मंगळवार पेठेत जनरल प्रॅक्टिस करायचे. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. शेवटपर्यंत दवाखाना चालू होता. पेशंट पेठेतले थोडे, भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याकडचे जास्त. माझा भाऊ १ जुलैला, डॉक्टर दिनाला, त्यांची स्मरणिका काढतोय. त्यासाठी त्याने मान्यवरांकडून ‘दोन शब्द’ मागवलेत.

माझ्याकडे आप्पांच्या जुन्या वह्या आहेत. नाव, गाव, आजार, औषध आणि कडेला बारीक अक्षरात काहीबाही : ‘रोप लावण चालू, आठ दिवस येणार नाही’, ‘गारगोटी शेवटची गाडी, आधी सोडणे’, ‘पैसे मागू नयेत’. ही पानंच फोटो काढून छापावीत असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, हे कोण वाचणार?

आणखी एक. एकाच्या पोराला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. त्याने आधी देवऋषी गाठला आणि रात्री उशिरा आप्पांकडे आला. आप्पा त्याला पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. मग पोराला मध्ये आणि बापाला मागे बसवून स्वतःच्या स्कूटरवरून सीपीआरला, सरकारी इस्पितळात घेऊन गेले. पोरगं वाचलं. भावाला हा प्रसंग नको आहे, ‘आप्पांचं तोंड लोकांना कशाला दाखवायचं?’ म्हणतो. शिवाय दवाखान्यात कागदांचे गठ्ठे पडलेत, त्यांचं काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, माझं निम्मं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, चेअरमन लोकांच्या कितीतरी स्मरणिका हाताखालून गेल्या. ‘देवमाणूस’, ‘कर्मयोगी’, ‘त्यांच्या जाण्याने पोकळी’. फोटो बदलला की तोच मजकूर दुसऱ्याला चालतो. दोन पानं सोडली की मेडिकल दुकानाची जाहिरात. भावाला दुखवू नका, पण त्या ‘दोन शब्दां’ना खरोखर दोनच पानं द्या.

तुमच्या पत्रात मला आप्पा दिसले ते ‘गारगोटी शेवटची गाडी, आधी सोडणे’ या ओळीत. बाकावर पेठेतली माणसं ताटकळलीत, आणि हा डॉक्टर मागच्या म्हातारीला आधी आत घेतो, कारण तिची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागेल. ‘रोप लावण चालू’ म्हणजे बाई आठ दिवस चिखलात वाकलेली असणार, तिला रोज इंजेक्शनला ये म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांनी धरून ठेवलंय. असला कडेचा मजकूर वह्यांतून वेचून काढा आणि एकाखाली एक नुसता छापा. वर प्रस्तावना नको, खाली स्पष्टीकरण नको. भुदरगडातला माणूस वाचेल आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवेल.

पण पानाचा फोटो मात्र छापू नका. नावावर पट्टी मारली तरी नाही. जुन्या वह्यांत टीबीचे पेशंट असणारच. त्या काळी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने चालायची, आणि घरात टीबी आहे हे कळलं की पोरीचं लग्न मोडायचं. लोक गावातला दवाखाना सोडून कोल्हापूर गाठायचे त्यात हेही कारण असायचं. तुम्ही नाव झाकाल, पण गाव, साल आणि ‘नवरा मिलिटरीत’ एवढं दिसलं तरी गावात घर ओळखतात. त्या घरात आज नातवंडं लग्नाची असतील. पेशंटचं गुपित फोडायचं नाही, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतलाच नियम आहे, आणि आप्पांनी तो हयातभर पाळला असेल. तेव्हा कडेच्या ओळी घ्या, मधला रकाना बंद ठेवा.

देवऋषाचा प्रसंग मात्र घ्या. भावाला सांगा, काकूंचा हट्ट आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, पण ती जितकी उशिरा मिळेल तितकं विष शरीरात काम करून बसतं. एवढं माहीत असलेल्या माणसाच्या समोर पोरगं अर्धी रात्र अंगारे लावून आणलं, तर तो काय गोड बोलेल? आणि बोलून झाल्यावर स्कूटरला किक कुणी मारली? ‘अजातशत्रू’ म्हणून छापलेल्या फोटोपेक्षा हे खरं. ते बोलणं खाणारा बाप आणि त्याचं पोरगं सापडलं, तर त्यांनाच दोन ओळी विचारा. नाव घालायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या.

तारखेबद्दल. १ जुलै हा बंगालचे मुख्यमंत्री राहिलेले डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा दिवस, जन्म १८८२ चा आणि मृत्यू १९६२ चा, दोन्ही त्याच तारखेला. तुमच्या आप्पांचे पेशंट तेव्हा रोप लावणीत. पुढे पंचगंगा चढली, बंधारे बुडाले की गगनबावड्याचा रस्ताच बंद. हॉलमध्ये पेठेतले चार लोक आणि पेढे. त्यापेक्षा मार्गशीर्षात, वर्षश्राद्धाच्या सुमाराला ठेवा. ऊसतोड असते, पण माणूस येऊ शकतो. बत्तीस पानं पुरेत, सोळा-सोळाचे दोन फर्मे आणि मध्ये पिन. आर्ट पेपरचा हट्ट नको.

आता कागद. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल पेशंटांचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं असतं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. तुमच्याकडे ओपीडीच होती, तरी हाच हिशोब धरा. अलीकडच्या ३ वर्षांचं जपून ठेवा. बीपी-शुगरवाल्यांना निरोप धाडून त्यांचे कागद त्यांच्या हातात द्या, नवीन डॉक्टरला उपयोगी पडतील. त्याआधीचे गठ्ठे रद्दीवाल्याला अजिबात देऊ नका. कुणाचा तरी केसपेपर भडंगाच्या पुडीला निघायचा. पिंपात भिजत घाला, लगदा झाला की टाका. लेटरहेडं फाडा, रबरी शिक्का कापा, त्यांच्या नावावर कुणी चिठ्ठ्या लिहायला नकोत. पाऱ्याचं बीपी मशीन आठवण म्हणून ठेवणार असाल तर कुलपात ठेवा, नातवंडांना उघडू देऊ नका. फुटलं तर पारा कचऱ्यात जाता कामा नये.

कंपाउंडरचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. बाटलीवर डोसाची कातरलेली पट्टी चिकटवणारा, उकळत्या पाण्यातून काचेची सिरिंज चिमट्याने काढणारा कुणीतरी असणारच. ‘पैसे मागू नयेत’ ही सूचना आप्पांनी लिहिली ती बहुधा त्याच्यासाठीच. हयात असेल तर याच आठवड्यात फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्याच्यासमोर बसा आणि वहीतली एकेक ओळ वाचून दाखवा. मान्यवरांचे दोन शब्द काय, येत राहतील.