आईच्या किडनीला हे इंजेक्शन झेपेल का?

प्रश्न: ताई, माझ्या आईचं वय 61. गेली 14 वर्षं तिला संधिवात आहे, बोटं वाकडी होत चालली आहेत. आता किडनीही थकली आहे. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) 3.1, जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, जितका कमी तितकी किडनी थकलेली) 16. किडनीच्या डॉक्टरांनी संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आणि दुखण्याच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून सकाळी दोन-दोन तास तिला हातपाय हलवता येत नाहीत. संधिवाताच्या डॉक्टरांनी अडॅलिम्युमॅब हे बायोलॉजिक (प्रथिनापासून बनवलेलं) इंजेक्शन सुचवलंय, दोन आठवड्यांतून एक. मामा म्हणतात, एवढं भारी औषध घेतलं तर उरलीसुरली किडनी जाईल आणि लगेच डायलिसिस लागेल. आई घाबरून नको म्हणते. परवा कळलं, की रात्री दुखायला लागलं की ती शेजारणीकडून गोळी मागून खाते. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: आधी त्या गोळीचं. आजच शेजारणीकडे जा आणि पाकीट बघा. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांतलं काही असेल तर ते ताबडतोब बंद. जीएफआर 16 असताना किडनीला खरा धोका त्या गोळीचा आहे. वैद्य म्हणवणाऱ्या कुणाकडून आणलेली, नाव नसलेली पुडी असेल तर तीही बंद; अशा पुड्यांत वेदनाशामक किंवा स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. पण आईवर चिडू नका. रात्री दोन वाजता मनगटात ठणका सुरू झाला की माणूस काय वाटेल ते खातो. मीही खाल्लंय. तिला पॅरासिटामॉल किती चालेल, ते किडनीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद तिच्या उशाशी ठेवा.

मी डॉक्टर नाही. 26 वर्षं बँकेत कॅशला बसले. संधिवात 22 वर्षं सोबत आहे, डायलिसिस साडेचार वर्षं, सोमवार-बुधवार-शुक्रवार. एटानरसेप्ट हे बायोलॉजिक दर शनिवारी घेते. या वाटेवर जे समजून घेतलं ते सांगते.

मामांची भीती बिनबुडाची नाही, फक्त ती चुकीच्या औषधाला चिकटली आहे. सोलापूरच्या माणसाला सांगायचं तर असं समजा, की पिठाच्या चाळणीतून ज्वारीचा दाणा खाली पडत नाही. अडॅलिम्युमॅब, एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, रिटुक्सिमॅब ही सगळी मोठाली प्रथिनं. ती किडनीच्या चाळणीतून बाहेर जातच नाहीत. शरीर त्यांचे तुकडे करून टाकतं, जसं आपण खाल्लेल्या डाळीच्या प्रथिनांचे करतं. म्हणून किडनी थकली तरी ती अंगात साठत नाहीत, डोस सहसा बदलावा लागत नाही आणि डायलिसिसच्या मशीनमधूनही ती धुऊन जात नाहीत. मेथोट्रेक्सेट मात्र पिठासारखं बारीक. ते किडनीवाटेच बाहेर पडतं. चाळण बुजली की ते आतच राहतं आणि मग रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर उठतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझं क्रिएटिनिन वाढत होतं त्या दिवसांत मी एका मोठ्या रुग्णालयात दोन ओपीडींत दोन वेगळ्या फायली घेऊन जात होते. सांध्यांच्या फायलीत मेथोट्रेक्सेट चालूच होतं, किडनीच्या फायलीत त्याचं नावच नव्हतं. एका रविवारी गोळ्या घेतल्या आणि गुरुवारपर्यंत तोंड आतून सोललं. साधं वरण जिभेला लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. पांढऱ्या पेशी 1,800 वर आलेल्या. 11 दिवस भरती होते, मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं घेतली. त्या दोन खोल्यांमध्ये एक जिना होता फक्त. तुमच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट वेळेत बंद केलं, हे फार चांगलं झालं.

तेव्हा तुमचं पहिलं काम हे, की दोन्हीकडे एकच फाईल. किडनीच्या डॉक्टरांना संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि 'हे इंजेक्शन चालेल' किंवा 'अमुक तपासणीनंतर चालेल' एवढं त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. हेही विचारा, की कुणी इंजेक्शनऐवजी टोफॅसिटिनिब किंवा बॅरिसिटिनिबच्या गोळ्या दिल्या तर? त्या बायोलॉजिक नाहीत, बारीक रेणूंच्या आहेत. एवढ्या कमी जीएफआरला टोफॅसिटिनिबचा डोस कमी करावा लागतो आणि बॅरिसिटिनिब सहसा देत नाहीत. 'नवीन औषध' म्हटलं की सगळी एकाच माळेतली धरू नका.

आता ज्याला खरंच घाबरायचं ते, म्हणजे जंतुसंसर्ग. किडनी थकली की अंगाची प्रतिकारशक्ती तशीच कमी होते आणि त्यावर बायोलॉजिक तिला आणखी आवरतं. आपल्याकडे सर्वांत मोठी धास्ती क्षयाची. कित्येकांच्या फुप्फुसात तो झोपलेला असतो, या इंजेक्शनानं जागा होतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी झाल्याशिवाय पहिली सुई टोचू देऊ नका. किडनीच्या रुग्णांत ही चाचणी कधी कधी गोंधळलेली येते, तेव्हा घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का, हे आठवून सांगा. माझ्या सासऱ्यांना झाला होता. मी ते सांगितलं म्हणून मला आधी टीबी टाळायच्या गोळ्या दिल्या आणि इंजेक्शन महिनाभर मागे गेलं. त्या महिन्याचा मला फार राग आला होता, आता नाही.

कावीळ बी आणि सी, एचआयव्ही या तपासण्याही करतील. कावीळ बी ची लस आताच सुरू करा. डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट डोसची, सहा महिन्यांत चारदा देतात आणि किडनी जितकी थकते तितकी ती कमी लागू पडते. न्यूमोनिया आणि फ्लूचीही विचारा. आईच्या पायांवर सूज असेल किंवा उताणं झोपल्यावर धाप लागत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय अडॅलिम्युमॅब नको, कमजोर हृदयाला ते चालत नाही.

एक खरं सांगते. या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत किडनी इतकी थकलेली माणसं सहसा घेतच नाहीत. डॉक्टरांकडे जो अनुभव आहे तो थोड्या थोड्या रुग्णांचा. म्हणून रक्ताच्या तपासण्या चुकवू नका आणि तापाला हलकं घेऊ नका. आमच्या घरी नियम आहे, की ताप 100 च्या वर, खोकला आठवडाभर, लघवीला जळजळ किंवा पिकलेली जखम, यातलं काहीही असलं तर त्या आठवड्याचं इंजेक्शन फ्रिजमध्येच राहतं आणि डॉक्टरांना फोन जातो. गेल्या पावसाळ्यात पायाच्या अंगठ्याला नख लागून पिकलं, तेव्हा दोन शनिवार मी थांबले. सांधे कुरकुरले, पण पाय वाचला.

डायलिसिस लागेल का, याचं उत्तर किडनीचे डॉक्टरच देतील. लागलं तर ते किडनी थकल्यामुळे लागेल, इंजेक्शनामुळे नव्हे. मात्र पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन) करायची वेळ येऊ शकते, त्यासाठी आईचा डावा हात आतापासून जपा. ती उजव्या हातानं काम करते ना? मग रक्त काढायला, सलाईनला डावा हात द्यायचा नाही. आणि हे इंजेक्शन पोटावर किंवा मांडीवर टोचायचं असतं.

खर्चाचं म्हणाल तर अडॅलिम्युमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती 2014 च्या डिसेंबरपासून मिळते, म्हणून डॉक्टरांना ब्रँड बदलून चालेल का ते मोकळेपणानं विचारा. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. इंजेक्शनाचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

इंजेक्शन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. दारात नको, फ्रीझरला चिकटूनही नको. मी मधल्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात ठेवते. घ्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढते, नाहीतर फार झोंबतं. पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच द्यायला सांगा.

आणि घाई करू नका, तीन महिने तरी द्या. मला सहाव्या आठवड्यात एका सकाळी ब्लाउजचे हुक लावता आले. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वरचा हुकही बसला.

तपासण्या झाल्या की रिपोर्ट काय आले ते कळवा.