कृषी सल्ला: कुंडीला एकराचा डोस देऊ नका

पावसाळा तोंडावर आला की कपाशी-सोयाबीनच्या फोटोंबरोबर हल्ली बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटोही माझ्याकडे येतात. या आठवड्यातले पाच प्रश्न घेतो. बाकीच्यांनी ही उत्तरं वाचली तरी त्यांचं काम होईल, कारण पाचांतल्या तिघांचं दुखणं दुकानातूनच आलेलं आहे.

प्रश्न : टोमॅटो छातीइतका वाढला, पानं काळीभोर हिरवी, पण फुलं गळतात. दर आठवड्याला चमचाभर युरिया देतो. दुकानदार म्हणतो, फुलं टिकायला टॉनिक मारा.

दादा, टॉनिक नको. हातातला चमचा आधी खाली ठेवा. हिशेबच मांडतो. टोमॅटोच्या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणाला हेक्टरी 100 किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरलं, तर चौरस मीटरला 10 ग्रॅम पडतं. तुमच्या 12 इंची कुंडीचं तोंड म्हणजे चौरस मीटरचा साधारण चौदावा भाग. म्हणजे अख्ख्या हंगामाला पाऊण ग्रॅम नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे युरिया झाला दीड ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साडेतीन-चार ग्रॅम युरिया बसतो. तुम्ही एका चमच्यात दोन हंगामांचं खत घातलंत, आणि ते दर रविवारी घालताय! संकरित वाणाला तिप्पट धरा, तरी सव्वा चमच्यात हंगाम आटोपतो.

झाड माजलंय, दुसरं काही नाही. माजलेलं झाड पाला वाढवतं, फळ धरत नाही. एकदा भरपूर पाणी सोडून खालच्या भोकातून निचरू द्या आणि महिनाभर कसलंही खत देऊ नका. पारा 35 च्या वर असेल तर टोमॅटो तसाही फळ धरत नाही, तिथे टॉनिकवाला काय करणार? पारा उतरला की रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने टिचकी मारा. परागीभवनाला तेवढं पुरतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

फोटो पाठवणाऱ्या ताईदादांपैकी दोघांच्या फोटोत टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं झालेलं दिसतंय. ती बुरशी नाही, तेव्हा त्यावर बुरशीनाशक मारू नका. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब असं पाणी दिलं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी रोज, ठरल्या वेळी आणि बेताने द्या. अंड्याची कवचं टाकायची तर टाका, पण ती विरघळायला महिने जातात. आत्ताच्या फळाला त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न : मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळतात. दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या, म्हणाला एक-एक टोपण मिसळून मारा.

हे वाचून माझं डोकं फिरतं, आणि हे मी दर हंगामात वाचतो. आधी पान बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पान खाली वळून देठ लांबलेला दिसत असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी अगदी बारीक कीड). पानं बारीक, झुपकेदार आणि झाड खुरटलेलं असेल तर विषाणू, तो पांढरी माशी आणते. शंका असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढ्या रेघा चालायला लागल्या की समजायचं फुलकिडे.

विषाणू असेल तर झाड उपटून पिशवीत बांधून टाका. विषाणूवर कुठल्याही बाटलीत औषध नसतं, दुकानदार काहीही सांगो. बाकी दोन्हींसाठी पहिल्या दिवशी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून 5 टक्के निंबोळी अर्क : 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पिळून पाणी एक लिटर करायचं, थोडा साबण घालायचा आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. सात-आठ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. निंबोळी मिळाली नाही तर कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिली. दहा नाही, पाच. दुप्पट घातल्याने कीड दुप्पट मरत नाही, पान मात्र करपतं. आणि दुपारच्या उन्हात फवारू नका. पुन्हा सांगतो, उन्हात फवारू नका.

आता त्या बाटल्या. एकीवर इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के लिहिलेलं दिसतंय. शेतातसुद्धा ते लिटरला अर्धा मिलीपेक्षा कमीच लागतं. टोपण आहे 10 मिलीचं. वर ते आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनतं. पान कितीही धुतलं तरी ते जात नाही. शेजारच्या कुंडीत पुदिना आहे, तो तुम्ही चटणीत कच्चाच वाटता. 2017 साली यवतमाळकडे कपाशीवर फवारताना शेतकरी दगावले, तेही उघड्या शिवारात. तुम्ही कपड्यांच्या दोरीखाली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी फवारताय. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं काहीही घरात आणू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासूनच बंदी आहे, आणि मुळांच्या किडीला म्हणून कुणी पुडीत फोरेटचे दाणे देत असेल तर ते 31 डिसेंबर 2020 पासून देशातच बंद आहे. जुना माल खपवायला कुंडीवाल्यासारखं गिऱ्हाईक नाही, कारण तो बिल मागत नाही आणि लेबल वाचत नाही.

प्रश्न : दोडक्याला फुलं भरपूर, पण दोडका एकही नाही.

पहिली पंधरवडाभर येतात ती नर फुलं. ती गळणारच, घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीच दिसतो. पाचव्या मजल्यावर मधमाशी येत नसेल तर हाताने परागीभवन करा. मात्र दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा सकाळी ब्रश घेऊन गेलात तर हाती काही लागणार नाही. कारली आणि काकडीला सकाळी करा. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचं.

प्रश्न : गच्चीवर वाफे करायचे आहेत. लाल माती किती ब्रास मागवू?

एकही नको. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरतं. वापरातली गच्ची चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरून बांधलेली असते. पुढे गळती लागली की सोसायटीची सभा तुमच्या भाजीवरच भरेल.

माझं ऐका, पाला गोळा करा. हे मी ज्याला त्याला सांगतो, घरचेही कंटाळलेत. वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे फुकट मिळेल ते. पालापाचोळ्यातून माती घडवायचं काम कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने केव्हाच करून दाखवलंय. जुन्या क्रेटमध्ये तळाला शेंड्या, वर पाला दाबून, प्रत्येक थरावर ओंजळभर शेणखत आणि पाणी. पाला महिन्यात निम्म्यावर बसतो, पुन्हा भरायचा. अडीच-तीन महिन्यांनी खालचा थर हातात घ्या : काळा, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. त्यात तिसरा हिस्सा माती आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली की वांगी-मिरची लावायला क्रेट तयार. वरून कायम चार बोटं वाळक्या पाल्याचं आच्छादन, उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. दुकानातली ‘रेडी मिक्स’ माती घेणार असाल तर पिशवी उचलून बघा, बऱ्याचदा नुसतं कोकोपीट असतं. त्यात पाणी टिकतं, अन्न नसतं.

योजनेचं थोडक्यात : राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलवरच्या शेती योजनांना शेतजमीन लागते, बाल्कनी चालत नाही. गावात बचतगटात असाल तर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून पोषण परसबागेचं काम चालतं, गटाच्या ताईंना विचारा. बियाणं कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून सरळ वाणाचं घ्या. पुढच्या वर्षी घरचंच बी धरता येईल, संकरितचं धरता येत नाही.

प्रश्न : कोथिंबीर उगवतच नाही.

अख्खे धने पेरले असतील. जमिनीवर चपलेने किंवा पोळपाटावर लाटण्याने हलके रगडा, धना दोन फाकांत फुटला पाहिजे. रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी उकरून बघू नका. आणि किराणा दुकानातले धने जुने निघाले तर त्याला माझा इलाज नाही.