ड्रोन घ्यायच्या आधी एवढं कर

गावातल्या लोकांच्या मदतीसाठी तुला ड्रोन वापरायचाय, उत्साह भारी आहे तुझा, पण ड्रोन घ्यायची घाई नको करूस. आधी तिथल्या नर्सला, शेतकऱ्याला विचार की नेमकं अडतं कुठे. रवांडात २०१६ पासून ड्रोन रक्ताच्या पिशव्या पॅराशूटने खाली सोडतात, ते जमलं कारण खराब रस्त्यांमुळे रक्त वेळेत न पोचणं ही तिथली खरी अडचण होती आणि सरकार सुरुवातीपासून सोबत होतं.

तू डिलिव्हरीच्या मागे लागूच नकोस आत्ता, मॅपिंगपासून, म्हणजे वरून काढलेले फोटो जोडून नकाशा बनवण्यापासून सुरू कर. साधा कॅमेरावाला छोटा ड्रोन पुरतो, फक्त प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७०-८० टक्के भाग परत यायला हवा नाहीतर नकाशाला भोकं पडतात, नवीन लोक इथेच फसतात.

बाकी चुका:
- परवानगी न काढता उडवणं
- लोकांना न सांगता घरांवरून फिरवणं, लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे
- तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणं, ती फुगते
- सगळं स्वतःच उडवणं

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तिथल्याच दोघातिघांना पहिल्या दिवसापासून रिमोट हातात दे, पंखा बदलायला शिकव. ऑटोपायलट, थर्मल कॅमेरा वगैरे नंतर बघू, आधी एका गावाचा नकाशा नीट बनव आणि इथे टाक, मी बघतो.